फोटोतली टोपीवाली सावली

माझा नवरा हट्टी नव्हता.

घोरायचा. पण हट्टी नव्हता.

आज ह्यांना जाऊन वर्ष झालं. सकाळी फोन उघडला तर ह्यांच्या त्या डोंगरवाल्या ग्रुपच्या कॅप्टनची पोस्ट. दिवा, फुलं, जोडलेले हात. आणि खाली लिहिलंय, "भाऊ कुणाचं न ऐकता एकटेच खाणीत परत गेले. सर्वांनी यातून धडा घ्यावा."

बरं. घेऊ की धडा.

कॅप्टन म्हणजे विमानाचा नाही, बोटीचा पण नाही. दुबईत एसी विकतो. पण हातात वॉकीटॉकी आली की चाल बदलते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हे दुबईजवळच्या हमरिया फ्री झोनमध्ये सुपरवायझर. आठवडाभर फॅक्टरी, आणि रविवारी ह्या मंडळींबरोबर फुजैराच्या डोंगरात. टायरमधली हवा कमी करायची, वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीतल्या, धोंड्यांवरून आपटत आपटत जायचं, आणि बंद पडलेल्या खाणीत टॉर्च घेऊन शिरायचं.

आत बघायला काय? भोक.

मी म्हणायचे, "अहो, गावाला विहिरीत उतरा म्हणलं की तुमची कंबर धरते. इथं बरी सुटते."

"विहिरीवर तू उभी असतीस," हे म्हणायचे.

एकदा मी पण गेले होते. डबाभर थालीपीठं नेली, डबा चाटून परत दिला लोकांनी. तेव्हा ह्याच कॅप्टननं माझ्यासमोर सांगितलेलं, "वहिनी, आपला रूल आहे. सगळे बाहेर आले की भाऊ आत एक शेवटची चक्कर मारणार. कुणी राहिलं नाही ना, बघणार. मगच गाड्या हलणार."

ह्यांची छाती अशी फुगली की म्हणलं आता शर्टाचं बटण उडतंय. घरी येईपर्यंत मी ह्यांना "कंडक्टर, डबल मारा" म्हणून चिडवत होते.

आता त्या दिवसाचं ऐका.

ह्यांच्या जीपची बॅटरी खलास, म्हणून कॅप्टनच्या गाडीतून गेलेले. खाण बघून सगळे बाहेर आले. ग्रुप फोटो झाला. काढला ह्यांनीच, कॅप्टनच्या फोनवर. नेहमी हेच काढायचे. "भाऊ, तुमचा हात हलत नाही" म्हणून गोड बोलायचं आणि ह्यांना उन्हात उभं करायचं.

फोन परत दिला, आणि हे शेवटच्या चकरेला आत गेले.

इकडं कॅप्टननं माणसं मोजली. कशी मोजली? फोटोत बघून. हा आहे, ही आहे, तो पण आहे. सगळे आहेत. यल्ला, चला.

अहो, फोटो काढणारा फोटोत कसा असंल?

कॅप्टनला वाटलं भाऊ मागच्या गाडीत बसले. मागच्यांना वाटलं भाऊ कॅप्टनबरोबर आले, कॅप्टनबरोबरच गेले.

हॉटेलात ऑर्डर फोनवरून नेहमीचीच दिलेली. मटणभाताचं भलंमोठं ताट आलं, मंदी म्हणतात त्याला. सगळ्यांना पेप्सी. आणि एक लबान उरलं. आपल्या ताकासारखं असतं, ते फक्त हेच प्यायचे.

वेटरनं विचारलं, "लबान किसका है?"

तेव्हा आठवले भाऊ.

ग्रुपमधल्याच एकीनं मला हे फोनवर रडत सांगितलं. तिचं नाव सांगणार नाही. ती रडली तरी.

आत एका खड्ड्यावर जुन्या फळ्या टाकलेल्या, सडलेल्या. पोलिसांनी बाहेर काढलं ह्यांना. टॉर्च तेव्हाही चालू होता म्हणे. टॉर्चनं साथ दिली.

आणि काल कॅप्टनचाच फोन. रविवारी ह्यांच्या नावानं मेमोरियल ड्राइव्ह आहे, त्याच खाणीपर्यंत. बॅनर छापायचाय. "वहिनी, भाऊंचा डोंगरातला एखादा चांगला फोटो द्या ना. आमच्याकडं एकही नाही."

"का नाही, तेवढा विचार करा," म्हणलं आणि फोन ठेवला.

माझी लेक सई म्हणते, "आई, डोन्ट पोस्ट धिस. लेट इट गो." मी म्हणलं, उद्या तुझी पोरं विचारतील आजोबा कसे गेले. तेव्हा 'कुणाचं ऐकत नव्हते' असं सांगशील का?

मग तिनंच फोटो खाली जोडून दिला. मला जोडता येत नाही.

बघा नीट. मधोमध कॅप्टन, कंबरेवर हात. सगळ्यांची तोंडं धुळीनं माखलेली, म्हणजे फोटो बाहेर आल्यावरचा. आणि तुमच्या बुटांपर्यंत एक लांब सावली आलीये. टोपी दिसली? मानेवर फडकं लोंबतंय ती. टकलाला ऊन लागतं म्हणून मी शिवून दिलेली.

माणूस बाहेर आला होता. धडधाकट. परत आत कशाला गेला, ते फोटोतल्या प्रत्येकाला माहीत आहे.

बॅनरवर हीच सावली छापा. आणि खाली तुमचा रूल छापा. ते जमत नसंल तर ह्यांचं नाव घेऊन ड्राइव्ह काढू नका.

आमच्या गावच्या शाळेत सहलीहून निघताना गुरुजी एकेकाला नावानं हाक मारायचे. पोरगं 'हजर' म्हणाल्याशिवाय गाडी हलायची नाही. तुम्हाला एक हाक मारायची होती फक्त.

मी तर बायको. उखाण्याशिवाय ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. नवरा गेल्यावर उखाणा घेत नाहीत म्हणे. मी आज घेते, कान उघडे ठेवा.

खाणीच्या तोंडाशी फोटोला झाली दाटी,
अशोकराव परत आत गेले तुमच्याचसाठी.

जावा अहो आता निवांत.
मागं वळून बघू नका. आत कुणी राहिलं नाही.