कानबाईपुढचं गाणं

ती बाई काय गाते, देव जाणे. ओडियात गाते एवढंच मला ठाऊक, कारण तिचं गाणं मला पहिल्यांदा ऐकवलं ते शेजारचे लूम चालवणाऱ्या ओडिया साथीदारानं. सुरतेतल्या उधन्यात आमच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, बारा तास लूम खडखडतात. तिथं कोणी तोंडानं बोलत नाही. चहा हवा असेल तर अंगठा ओठाशी न्यायचा, धागा तुटला तर दोन बोटांची कात्री दाखवायची. एकदा भरदुपारी लाइट गेली, लूम बंद पडले, आणि त्यानं आपल्या इअरफोनचा एक तुकडा माझ्या कानात खुपसला. काय तो आवाज! अंगावर काटा आला. त्याच दिवशी ते गाणं मी मोबाइलमध्ये घेतलं.

तेव्हापासून घरी जेवताना तीच बाई. माझी बायको सुरतेत वीस वर्षं राहूनही अहिराणी सोडत नाही. ती वैतागायची. "समजत नही ते आयकतस कसाले?"

"समजलं असतं तर ऐकलंच नसतं," मी ठोकून द्यायचो. पण असं का, ते माझं मलाच कळत नव्हतं. आपली गाणी लावली की मात्र डोकं फिरायचं. अर्धे शब्द मिळायचे, अर्धे गायब. मला वाटायचं, हल्लीचे गाणारेच शब्द गिळतात. मग घरातलेही गिळायला लागले. मुलगी एक विचारायची, मी भलतंच सांगायचो, ती हसायची आणि गुजरातीत बडबडत निघून जायची. तिची शाळा गुजराती, मैत्रिणी गुजराती. एकदा बायको म्हणाली, कान दाखवून घ्या. मी असा उखडलो तिच्यावर! "कान ठणठणीत आहेत माझे. तुम्ही नीट बोलायला शिका." ओडिया बाईच्या बाबतीत ही कटकटच नव्हती. ती काय म्हणाली, असं मला कोणी विचारणार नव्हतं.

श्रावणात आम्हा खानदेशी लोकांची कानबाई बसते. सगळ्या भाऊबंदांनी एका घरी जमायचं, नैवेद्याचे रोट करायचे, नारळाला नथ घालून, साडी नेसवून देवी मांडायची आणि बायांनी तिच्यापुढे गाणी म्हणायची. यंदा ती आमच्या घरी होती. मुलगी आठ दिवस माझ्या मागे लागली होती. "पप्पा, मी गाणारेय. अगदी पुढे बसायचं हं." हो हो म्हणालो खरं. चार माणसांत तिनं काही विचारलं आणि मी भलतंच बोललो तर?

संध्याकाळी आरती झाली, ढोलकी वाजायला लागली आणि मुलगी उभी राहिली. पहिल्या ओळीत मी जिवाचे कान करून शब्द धरायला गेलो. एकही हाती लागेना. म्हटलं, शाळेतलं काहीतरी पुस्तकी गुजराती असणार, मरू दे. मग ओडिया बाईला ऐकतो तसं पोरीला ऐकायला लागलो. आणि काय सांगू, तिचा आवाज असा चढत गेला की माझे डोळे भरून आले. चाल कुठेतरी ऐकल्यासारखी वाटत होती, पण कुठे ते आठवेना.

गाणं संपल्यावर ती धावत माझ्याकडे आली. कसं झालं, असं विचारत असावी.

"एक नंबर!" मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "गुजराती इतकं गोड गातेस, मला माहीतच नव्हतं!"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. बाया माझ्याकडे बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला. ती हसतेय की हळहळतेय, तेही समजेना. अरे, मी चांगलंच बोललो होतो ना? तेवढ्यात गावाहून आलेली माझी मोठी बहीण पुढे झाली आणि माझ्या कानाशी तोंड आणून ओरडली, "आपली मायनं गानं शे ते! मीच शिकाडं तिले, फोनवर."

माय दरवर्षी कानबाईपुढे तेच म्हणायची. तिच्या मांडीवर बसून मला ते पाठ झालेलं. झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन. अहिराणीचा शब्द तोंडातून न काढणाऱ्या पोरीनं ते माझ्यासाठी घोकलं होतं, आणि मी त्याला गुजराती म्हणालो. इतकं आवडलं, तरी ओळखलं नाही? मग आवडलं ते नक्की काय होतं?

मुलगी आत जायला वळली. मी तिचा हात धरला. ढोलकी फार जोरात होती, बाया मध्येच बोलत होत्या, असं काहीतरी जिभेवर आलं होतं. सवयच लागली होती तशी. ती माझ्याकडे बघत थांबली होती.

"मला ऐकू येत नाही, बेटा," मी म्हणालो. "एक शब्द कळला नाही. तरी रडलो."