मधलं वाक्य

मधले सर! अख्ख्या गल्लीत त्यांना हेच नाव. कॉलेजात जन्मभर तर्कशास्त्र शिकवलं, तेवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण छे! न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा चालूच. न्हावी म्हणायचा, "समोरच्यांनी नवी गाडी घेतली, मजेत आहेत बुवा!" की मान न हलवता सर म्हणणार, "मधलं वाक्य गाळलंत. गाडी घेणारे सगळे मजेत असतात, हे कुठनं आणलंत?" न्हावी बिचारा मुकाट्यानं कात्री चालवायचा.

घरात तर विचारूच नका. बायको म्हणाली, "उशीर केलात, म्हणजे माझी आठवण नव्हती," की सरांनी चष्मा पुसत गाळलेलं वाक्य काढून दाखवलंच. "ज्याला आठवण असते तो वेळेवर येतो. पटतं का तुला हे?" आधी ती हसायची, मग चिडायला लागली. पुढे तिनं असलं काही बोलणंच सोडलं. सरांना वाटलं, चला, शहाणी झाली.

ती गेली त्याला आता महिना होत आला. सर दूध तापवतात, पेपर वाचतात, दारावर कुणी आलं तर हसतातही. आत मात्र सगळं बधिर. दाढ काढण्याआधी सुई टोचल्यावर गाल होतो ना, तसं.

आईचं कपाट आवरायला मुलगी आली होती. स्वेटरची घडी घालता घालता ती म्हणाली, "बाबा, तुमच्या डोळ्यांत एकदाही पाणी आलं नाही. म्हणजे तुम्हाला काही वाटलंच नाही. मी उद्या निघते. पुन्हा कशासाठी यायचं, तेही कळत नाही मला."

आता तीच एक उरली होती. तिला थांबवायला हवं, हे सरांना कळत होतं. पण जिभेची सवय मेली जाते कुठे? "मधलं वाक्य बघ," ते म्हणाले. "ज्याला वाटतं तो रडतोच. चूक आहे ते."

"आणि आईचं काय? किती महिने पोट दुखत होतं तिचं! मला फोनवर सांगायची. तुम्हाला शेजारी बसून कळलं नाही?"

"मला बोलली नाही ती."

"मी म्हणायचे, बाबांना सांग. तर म्हणे, नको गं, ते कीस काढत बसतील. मला नुसतं दुखतंय एवढंच म्हणायचं असतं."

सरांनी मुलीच्या हातातला स्वेटर घेतला. मग वर्गात सांगावं तशा आवाजात म्हणाले, "ती बोलली नाही, म्हणजे तिला दुखत नव्हतं. असं धरून चाललो मी."

"आणि मधलं वाक्य?" मुलीनं मुद्दामच विचारलं.

"ज्याला दुखतं तो सांगतो."

मुलगी खाली बसली. तिचा आवाज उतरला होता. "बाबा, तुम्हाला दुखतंय का?"

"दुखतंय," सर म्हणाले. का, कुठे, कशावरून, काही नाही.

रडू त्यांना तेव्हाही आलं नाही. मुलगी मात्र दुसऱ्या दिवशी गेली नाही.