शकूचे साठ धवले

गव्हाणची शकू म्हात्रे कामोठ्यात लग्नपत्रिका छापते. गिऱ्हाइकांचं काम ती डी ड्राइव्हला जपून ठेवायची. स्वतःचं मात्र डेस्कटॉपवर, डोळ्यांसमोर. तिथंच होते साठ धवले, आगरी लग्नात गायची गाणी, म्हाताऱ्या आत्याकडून ऐकून टाइप केलेली. आत्या आता त्यातली निम्मी विसरलीय.

व्हायरस शिरला म्हणून परेशकडं दुरुस्तीला दिलेला कॉम्प्युटर आज परत आला. परेश बोटांवर मोजत म्हणाला, "ताई, मशीन चालवायला नवीन विंडोज, राखणीला अँटिव्हायरस, पत्रिकेला डीटीपीचं सॉफ्टवेअर. सगळं परत टाकलंय. डी ड्राइव्हला हातही लावला नाही."

"आनि डेस्कटॉपवरचे धवले?"

"डेस्कटॉपवरचं फॉरमॅटमध्ये पुसलं जातंच ना. विचारायचं राहिलं."

"रायलं? मेल्या, तुजी सॉफ्टवेअरं धा वेला टाकता येतील. आत्याच्या डोक्यात धवले कोन टाकंल?"

परेश हसायला गेला. शकूनं कॉम्प्युटर उचलून त्याच्याच हातात कोंबला आणि दुकानाचं शटर खाली ओढलं.

"चल गव्हानला. आत्या गाईल, तू टाइप करशील. जेवरे आठवतील तेवरे. तवर जेवायला बी उठायचं नाय."