नावं यायच्या आधी मरणारा माणूस

नमस्कार मंडळी. शाळा मी आठवीतच सोडली, लिहिण्यात चुका असतील तर सांभाळून घ्या. भूत, चकवा, करणी असलं मी काही मानत नाही. हिंगोलीकडं आमचं शेत स्मशानाला लागून, तिथं राखणीला एकटा झोपलोय. मला भीती वाटते ती फक्त सिनेमाची. त्यातही पहिल्या पाच मिनिटांची.

थ्रिलर कुठलाही लावा, नावं यायच्या आधी एक माणूस मरतो. हिरो नसतो तो... दूधवाला, कुरियरवाला, माळी असा कोणीतरी. स्वभावानं चांगला. आईचा फोन येतो, हा म्हणतो, "दिवाळीला नक्की येतो." संपला! मग दार नुसतं लोटलेलं, आत नळ चालू, हा विचारतो, "कोणी आहे का?" — आणि जातो आत. अरे, कशाला जातोस!

मी दिवाळे गावच्या कोळीवाड्यात एका कोळीण मावशीकडं कामाला आहे. मासळी साफ करायची, स्कूटरवरून सोसायट्यांत पोचवायची. इथं मला कुत्रं ओळखत नव्हतं तेव्हा या बाईनं खोली दिली, जेवायला घातलं, बोंबील कोणता नि बांगडा कोणता ते शिकवलं. तिचं एक गिऱ्हाईक तुटलं तरी मला झोप लागत नाही.

त्या सकाळी सानपाड्याला प्रधान काकांकडं पापलेट द्यायचं होतं. काका एकटेच, मुलगी पुण्याला. गेटवर असतानाच आईचा फोन. बोलून गेलो, "दिवाळीला नक्की येतो गं." आणि जीभ चावली.

वर गेलो. दार लोटलेलं. आत नळ चालू.

आणि वाजायला लागलं.

खोटं सांगत नाही... म्युझिक! व्हायोलिनसारखा एकच लांब सूर, त्याच्याखाली ढम्... ढम्. सिनेमात ते बघणाऱ्याला ऐकू येतं, मरणाऱ्याला नाही. मला येत होतं! टीव्ही म्हणावा, तर फटीतून टीव्ही दिसत होता — बंद.

मावशीला फोन लावला.

"मावशी, दार उघडंय. काका दिसत नाहीत."

"मंग जा ना आतमन! बरफ पानी झाला असंल."

"इथं म्युझिक वाजतंय."

"आयकतंय मला पन. कोनाचं लगीन हाय रं? इतका रडका बाजा?"

म्हणजे तिलाही ऐकू गेलं! हातातली पिशवी ठिबकत होती, मीही ठिबकत होतो.

पळावंसं वाटलं. पण काका साखळी काढल्याशिवाय कुणाशी बोलत नाहीत... साखळी लावूनच बोलतात म्हणजे. त्यांचं दार उघडं कसं? आत त्यांचं काही बरंवाईट झालं असेल तर? एकट्यानं मात्र जायचं नाही, हे पक्कं. शेजारची बेल दाबली. सामसूम. समोरची दाबली. आतून आवाज — "नहीं चाहिए!"

तेव्हा सुचलं. त्या मजल्यावर काका सोडून सगळे शाकाहारी. मासळी मागच्या लिफ्टनं आणायची, पिशवी दुहेरी बांधायची, पॅसेजमध्ये थेंब सांडायचा नाही, असा सोसायटीचा नियम. मी पिशवी फाडली, पापलेट फरशीवर मांडलं आणि मावशी बाजारात ओरडते तसा ओरडलो, "पापलेट घ्या, पापलेऽट! फडफडतंय अजून!" साफ केलेलं पापलेट कुठून फडफडणार? पण ओरडलो.

सगळी दारं उघडली.

"पागल हो गया क्या?"

"छी छी, बदबू देखो!"

"सेक्रेटरीला बोलवा! याची एन्ट्रीच बंद करा!"

"करा मॅडम," मी हात जोडले, "आधी फक्त माझ्यासोबत आत चला."

आम्ही घोळक्यानं आत शिरलो. उंबरा ओलांडला आणि म्युझिक गप. एवढी माणसं एकदम आत घुसल्यावर सिनेमा तरी काय करणार?

काका बाथरूममध्ये पडले होते. कचरा ठेवायला दार उघडलं, नळ राहिला म्हणून परत आत गेले आणि घसरले. खुबा मोडलेला, आवाज पार बसलेला. एन्ट्री बंद करणाऱ्या मॅडमनीच ॲम्ब्युलन्स बोलावली. पॅसेज मात्र माझ्याकडून फिनाईलनं पुसून घेतला. एन्ट्रीचा विषय परत निघाला नाही, त्यांचे उपकारच.

हॉस्पिटलात भेटायला गेलो तेव्हा भीतभीत विचारलं, "काका, तुम्हाला काही ऐकू येत होतं का?"

"येत होतं का म्हणजे? कोण गाढव ते रडगाणं लावून बसलं होतं? माझी हाक कुणाला जाईना त्यात!"

शेजाऱ्यांपैकी कोणालाच काही ऐकू आलं नव्हतं. वॉचमन म्हणतो, लिफ्टची मोटर. लिफ्ट सूर धरते का? मावशी म्हणते, देवीनं वाजवलं. देवी व्हायोलिन कशाला वाजवेल? मी खूप डोकं लावलं, हाती काही लागलं नाही. तुमच्यात कोणाला कळत असेल तर सांगा, फक्त लिफ्ट सोडून.

काका आता वॉकर घेऊन चालतात. मी आत जात नाही, तेच दारापर्यंत येतात. पिशवी घेतात आणि आम्ही दोघं थोडा वेळ कान देऊन उभे राहतो. काही वाजत नाही.

"चला," काका म्हणतात, "आज कोणी मरत नाही. पुढच्या वेळी कोलंबी आण." आणि साखळी लावून घेतात.