त्यांची उत्तरं मी द्यायची

आमचे हे फौजेतून परतले ते शाबूत. हात, पाय, डोळे, सगळं जागच्या जागी. शेलूबाजारजवळच्या मळ्यात वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायला लागले. पण शेजारच्या तुरीत रानडुकरं हाकलायला कोणी सुतळी बॉम्ब फोडला, की हे वाफ्यात पालथे पडायचे आणि बराच वेळ उठायचे नाहीत. लोकांनी विचारलं तर मीच सांगायची, "चक्कर येते त्यायले."

शेवटी मी त्यांना वाशिमला मानसोपचाराच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे अक्षरशः नेलं. फाइल माझ्या पिशवीत, तिकीट मी काढलेलं. झोप येते का, भीती कशाची वाटते, असं बाई ह्यांना विचारायच्या आणि उत्तर माझ्या तोंडून बाहेर पडायचं. आमच्याकडे दवाखान्यात असंच चालतं. दुखतं एकाला, सांगतो दुसरा.

तिसऱ्या खेपेला बाईंनी दोन उपाय समोर ठेवले. गोळ्या वाढवायच्या; दचकणं कमी होईल, पण सकाळी सुस्ती राहील. नाहीतर दर आठवड्याला यायचं आणि जे घडलं ते हळूहळू सांगायचं. सुरुवातीला त्रास वाढूही शकतो.

"तुम्हाला काय हवंय?"

हे खुर्चीतून उठून ताठ उभे. "जी साहेब. जसा हुकूम." फौजेत डॉक्टर म्हणजे साहेबच.

बाई हसल्या नाहीत. "इथे हुकूम नाही. बसा. आपण दोघं मिळून ठरवू."

"गोळ्याच वाढवा," मी म्हटलं. "दर आठवड्याले येनं कसं जमन? भाजी कोन तोडन?"

भाजीचं निमित्त होतं. ते सगळं उकरून काढल्यावर घरी कसला माणूस परत येईल, याची मला धास्ती होती. गोळ्यांनी गप्प झालेला नवरा मला चालणार होता.

बाईंनी मला हातानेच थांबवलं. बाहेर शेजारच्या खोलीचे दोन नंबर पुकारून झाले.

"गोळ्यायनं तो इसरल्या जाईन का?" ह्यांनी विचारलं.

"कोण?"

"बॉम्ब फुटला तवा माह्या बाजूले होता तो."

"विसरणार नाही. पण आठवणीची धार कमी होईल."

हे स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. "मंग मले सांगाचं हाये. गोळी हाये तेवढीच राहू द्या." आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पन हिच्यासमोर नाही."

मी पिशवी उचलून बाहेर बाकावर जाऊन बसले. खोटं कशाला सांगू, फार राग आला. एवढी वर्षं ह्यांना सांभाळलं कोणी? दाराआडून शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता. तो थांबेचना. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.