आधी चौकट, मग भिंती

सावेडीतल्या आमच्या कारखान्यातून निघालो तेव्हा टेम्पोत अख्खे घर आडवे पडले होते: सुबाभळीच्या लाकडाच्या तयार भिंती, पत्रे आणि पोतेभर नट-बोल्ट. गरिबाला परवडेल असे हे घर मी आणि माझा भागीदार सतीश, दोघांनी आखलेले. दाराची चौकट कारखान्यातच भिंतीत बसवून पाठवायची, ही सतीशची शक्कल. ती सांगून झाली की तो असा थांबतो, जणू आता आपण टाळ्या वाजवायच्या आहेत.

मिरजगावला चहा घेताना एका म्हाताऱ्याने टेम्पोला पुरती प्रदक्षिणा घातली.

"कोंबड्यांचं का ओ?"

"नाही, माणसांचं."

"मंग खिडकी लई बारकी ठिवली," म्हणाला आणि चालता झाला.

कर्जतच्या अलीकडे माळावर ताराबाई आणि त्यांचा मुलगा महादू वाट पाहत होते. मागे त्यांची कोपी (उसाच्या पाचटाची झोपडी). तिच्यात नुकताच साप निघाला होता आणि सून तान्ह्या बाळाला घेऊन त्याच संध्याकाळी माहेराहून यायची होती. नातवाला कोपीत निजवायचे नाही, एवढ्यासाठी बाईंनी आमचे घर घेतले होते.

पहिली भिंत उभी केली. बाई हळदीकुंकवाचे ताट घेऊन आल्या आणि थबकल्या.

"चौकट कुठंय?"

"ही काय, भिंतीतच आहे, मावशी."

"आन् पुजायची कवा? आदी चौकट हुबी करत्यात, मंग भिंती. बिनपुजेच्या दारातून मी नातू आत न्हाई न्यायची. कोपीतच निजंल त्यो."

सतीशला फोन लावला. गार खोलीत बसून तो म्हणाला, "अडाणीपणा आहे. समजाव त्यांना. भिंत खोललीस तर मापं बिघडतील."

माझे टाळके सरकले. घर विकतो आहोत की कपाट, असे मी त्याला माळभर ऐकू जाईल इतक्या आवाजात विचारले. महिनोन् महिने रेघा मारल्या, पण घर उभे करताना माणसे आधी काय करतात, हे बघायला दोघांपैकी एकही टेबल सोडून उठला नव्हता. फोन ठेवला, भिंत पुन्हा आडवी केली आणि पाना उचलला. चौकटीचे बोल्ट डिंक लावून पक्के केलेले होते. एकेक उपटताना मी सतीशच्या एकेका पूर्वजाची आठवण काढत होतो.

"सायब," महादू हळूच म्हणाला, "शिव्या जरा दमानं. पूजा हाय."

चौकट माळावर एकटीच उभी राहिली. हळदकुंकू झाले, आंब्याचा डहाळा बांधला. बाई वाकून तिच्यातून आत गेल्या. आत म्हणजे पलीकडचा माळच. मग महादू, मग मी. दोन्ही बाजूंनी सगळे रान मोकळे होते, पण कुणीही कडेने गेले नाही.

मापे बिघडली नाहीत. दिवेलागणीला शेवटचा पत्रा ठोकला, आणि थोड्याच वेळात रिक्षातून उतरलेल्या सुनेवरून बाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. बाळ आत गेले. आम्ही दारापुढे बसून शेंगोळे (हुलग्याच्या पिठाची, तिखट रश्शात शिजवलेली कडबोळी) ओरपले.

सावेडीत परतल्यावर सतीशने माझ्या मोबाईलवर मी काढलेला चौकटीचा फोटो पाहिला. "वा, जाहिरातीत घालू. चौकटपूजेची सोय, जादा आकार लावून."

वाटेत निवत आलेला राग पुन्हा उसळला, आणि मी तो निवू देणार नाही. नव्या नकाशात चौकट सुटी आहे आणि टेम्पोतून सर्वांत आधी उतरते. दरपत्रकात सतीशने तिच्यापुढे लिहिलेला जादा आकार मी खोडला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे, आणि घरे भराभर उभी राहत आहेत.