तीनशे दोनच्या ओट्यावरचं दूध

१६ नोव्हेंबर १९९४, बुधवार. नवघरच्या एका नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, मी ओटा घासत होते. चार वाजता गिऱ्हाईक येणार होतं. एजंट असले तरी दाखवायचा फ्लॅट मी स्वतः झाडून-पुसून ठेवायचे. धुळीच्या घरात लोकांना भिंतीच्या चिरा दिसतात... चकचकीत घरात दिसत नाहीत.

भुताखेतांसाठी माझ्याकडे कधी वेळ नव्हता, हे आधीच सांगते. स्मशानाकडे खिडकी उघडणारे फ्लॅट मी ‘ओपन व्ह्यू’ म्हणून विकलेत. पितृपक्षात टोकन घेतलंय. त्यामुळे पुढचं वाचून कोणी मला भाबडी समजू नये. आणि ज्यांना घर घ्यायचंय त्यांनी तर हे भुतासाठी नाही, व्यवहारासाठी वाचावं.

माझी एक पद्धत होती. पिशवीत छोटा स्टोव्ह, स्टीलचं पातेलं आणि अर्धा लिटर दूध. गिऱ्हाईक जरा पाघळलं, की मी म्हणायचे, “आलाच आहात तर दूध उतू घालवून घ्या, आज दिवस चांगला आहे.” नव्या ओट्यावर दूध उतू गेलं की आपला माणूस त्या घराचा होऊन जातो. मग तो रजिस्ट्रेशन कधी, पाणी कुठून, असलं काही विचारत नाही. घरात लक्ष्मी आल्यावर कागद मागणं त्याला अशुभ वाटतं. गुजराती, मारवाडी गिऱ्हाईक आधी वकील आणायचं. आपले लोक नारळ आणायचे.

याच फ्लॅटमध्ये, तीनशे दोनमध्ये, दसऱ्याला गुरववहिनींनी दूध उतू घालवलं होतं. हे गुरव मूळचे रत्नागिरीकडचे, लालबागला चाळीत राहायचे. चाळीतली खोली विकून त्यांनी या घराचे सगळे पैसे भरले होते आणि नोव्हेंबरअखेर ती खोली रिकामी करून द्यायची होती. दूध पूर्वेला ओघळलं तेव्हा वहिनींनी ओट्याला हात लावून नमस्कार केला. गुरवांनी विचारलं, “रजिस्टर कधी करायचं?” बिल्डर शेठ म्हणाले, “अरे, घर तुमचाच हाय! दिवाळीनंतर करू ना.” चावी माझ्याकडेच राहिली, कारण “लिफ्टचं काम बाकी आहे.”

दिवाळीनंतर भाव चढला. शेठनी मला ऑफिसात बोलावलं. “बेन, तीनसो दो के लिए नया पार्टी लाओ. गुरव का कच्चा है, कॅन्सल समझो.”

“गुरवांना माहीत आहे?”

“बाद में देख लेंगे. तुम कमिशन देखो.”

मी कमिशन पाहिलं. नवऱ्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती... पण ही सबब मी कोणाला देत नाही, तुम्हालाही देणार नाही.

तर सोळा तारखेला सकाळी अकरा वाजता मी कुलूप काढून आत गेले. कडाप्प्याच्या ओट्यावर दूध सांडलेलं होतं. जुना डाग नव्हे – ओलं, पांढरं. कडेवरून ओघळून खाली लादीवर टपकत होतं. बोट लावलं. गरम.

घरात स्टोव्ह नाही, पातेलं नाही, गॅस नाही. खिडक्यांना आतून कड्या. कुलूप माझं, त्याच्या दोन्ही चाव्या माझ्या पर्समध्ये. खाली वॉचमनला विचारलं. खारी गावातला म्हातारा, फटकळ.

“वर कोण गेलं होतं?”

“कोन जानार? कुलूप तुमचाच हाय, चावी तुमचीच हाय. मना काय इचारताय?”

“दूध सांडलंय.”

“हितं पियाला पानी न्हाय, आन् दूध सांडतंय?” तो हसला. “नशीबवान हाय तुमचा गिऱ्हाईक.”

मी सोडा टाकून ओटा घासला. टँकरच्या पाण्याची बादली दोनदा वर चढवली. कोरड्या फडक्याने पुसून, कुलूप लावून, ते ओढून बघून घरी जेवायला गेले.

चारला सामंतबाई आल्या. गोरेगावच्या शाळेत शिक्षिका, एकट्या, नीटनेटक्या. दार उघडलं आणि मला आधी वास आला. तापलेल्या दुधाचा. ओट्यावर तेच... त्याच जागेवरून, त्याच बाजूला ओघळलेलं.

“अगं बाई!” सामंतबाईंनी बोट लावलं. “गरम आहे हो. कोणी केलं हे?”

“वॉचमनची बायको,” मी म्हणाले. खोटं बोलायला मला कधी वेळ लागला नाही. “शुभ म्हणून.”

आणि त्या खूश झाल्या! “शकुनच म्हणायचा हा. दहा घरं बघितली ताई, एकात पाऊल ठेवावंसं वाटलं नाही. आज टोकनचा चेक आणलाय मी. तुमच्याकडे पातेलं असतं म्हणे? चला, मीही उतू घालवते.”

मी स्टोव्ह पेटवला. पातेलं ठेवलं. स्टोव्ह भणभणत होता. दुधाला उकळी फुटली, पण ते वर येईना. पंधरा मिनिटं झाली, पंचवीस झाली. रटरट उकळतंय, आटतंय, कडेला पिवळी साय धरतेय... काठापर्यंत मात्र चढत नाही. पंचवीस वर्षं चूल सांभाळलेली बाई आहे मी. पाठ वळली की दूध उतू जातं, हे मला कोणी शिकवायला नको. मी पाठही वळवून पाहिली. शेवटी तळाला करपलं.

सामंतबाईंनी स्वतःच स्टोव्ह बंद केला. चेक पर्समध्येच राहू दिला. मग वर्गात विचारावं तसं विचारलं, “ताई, खरं सांगा. हे घर कोणाचं आहे?”

“बिल्डरचं,” मी म्हणाले.

“ते नाही विचारलं मी,” त्या म्हणाल्या, आणि जिना उतरून गेल्या. पुढे त्यांनी बोरिवलीला घर घेतलं, दुसऱ्या एजंटकडून. चांगलं केलं.

यानंतर शेठनी मला एकही फ्लॅट दिला नाही. मी गुरवांकडून पैसे खाल्ले, असं ते स्टेशनपासून बेव्हर्ली पार्कपर्यंत सांगत फिरले. गुरवांचं रजिस्ट्रेशन वकिलाच्या चार नोटिसांनंतर झालं. ते मला रस्त्यात ओळख देत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. इतकी वर्षं झाली, या प्रकाराचं उत्तर माझ्याकडे नाही. दूधवाल्याला विचारलं, एका सायन्सच्या मास्तरांनाही विचारलं. मास्तर म्हणाले, “भास.” भास फडक्याने पुसावा लागत नाही, पिळल्यावर बादलीत पांढरा उतरत नाही.

आणि त्याआधी ज्या घरांत मी दूध उतू घालवलं, त्यांच्या कागदांचं पुढे काय झालं, हे विचारायला मी कधी गेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते : आधी रजिस्ट्रेशन, मग चावी, सगळ्यात शेवटी दूध. घर बघायला न सांगता जा, टँकर यायच्या आधी जा. दाराला कुलूप कोणाचं आहे ते विचारा. एजंटला नाही, वॉचमनला.

सतरा तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी पहिली गाडी पकडून लालबागला गेले. गुरववहिनी उंबऱ्यातच तांदूळ निवडत बसल्या होत्या. गुरव आत दाढी करत होते.

“या या. लिफ्ट झाली वाटतं?” वहिनी म्हणाल्या. “बसा, पण चहा बिनदुधाचा चालेल ना? काल काय झालंय बघा... सकाळी दूध तापवलं, वळून बघते तर अर्धं पातेलं रिकामं. दुपारी चहाच्या वेळेला पुन्हा तेच. उतू गेलं म्हणावं, तर ओटा कोरडा ठणठणीत. मांजर म्हणावं, तर दार लावलेलं.”

मी पर्समधून दोन्ही चाव्या काढून त्यांच्या तांदळाच्या ताटात ठेवल्या.

“मांजरच असेल,” मी म्हणाले. “लिफ्ट झालेली नाही, होणारही नाही. सामान बांधा. आजच राहायला चला.”